टाकीतले मास्तर

सकाळी पावणेसातला दाराची बेल वाजली की आमचे हे पांघरूण डोक्यावरून ओढून घेत म्हणायचे, "जा, तुझा यम आला."

दार उघडावं तर मास्तर उभे. पांढरा बुशशर्ट, घोट्यापर्यंत दुमडलेली पँट आणि गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेला एक पोलादी काटा. आपटला की एकच स्वर वाजतो, तो काटा. शेजारी दूधवाला पिशव्या मांडत असायचा, समोरच्या बाई कचऱ्याची बादली घेऊन दारात आलेल्या असायच्या. ह्या सगळ्यांच्या देखत मास्तर म्हणायचे, "बाई, काल संध्याकाळी तुम्ही घसरलात."

"अरे बापरे, कुठे?" दूधवाला काळजीने विचारी.

"दुसऱ्या गाण्यात. पाव सुराने खाली. पुढच्या वेळी श्वास आधी घ्या."

एवढं बोलून जिना उतरू लागायचे. 'नमस्कार' नाही, 'येतो' नाही, चहाला थांबणं तर नाहीच. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म घालवलेल्या ह्या माणसाच्या घरी टेलिफोन नव्हता. विचारलं तर म्हणायचे, "आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. त्यात ऐकण्यासारखी एकच गोष्ट होती, डायल टोन. लोक नंबर फिरवायचे आणि तो बंद पडायचा."

तर मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत, गाणं शिकवायचे म्हणून मास्तर. मूळचे वसईच्या पश्चिमेकडचे, केळीच्या वाडीतले ख्रिस्ती गृहस्थ. बायको गेल्यावर मुलीने त्यांना विरारच्या चंदनसारला, आमच्याच सोसायटीत, तळमजल्यावर जागा घेऊन दिली. सातशे-आठशे वर्षांपूर्वी युरोपातले लोक चर्चमध्ये आणि अंगणात, विशेषतः नाताळच्या दिवसांत, जी गाणी म्हणत ती त्यांना पुन्हा गायची होती. तिकडे काही गायकांनी जुन्या हस्तलिखितांवरून ती गाणी पुन्हा उभी केली होती. त्यांच्या कॅसेट मास्तरांकडे कपाटभर. हल्लीची नाताळची गाणी मात्र त्यांना खपत नसत. "सामान विकायला केलेली गाणी," म्हणायचे आणि कोपऱ्यावरच्या बेकरीत ती लागली असली तर पाव न घेता परत यायचे. डिसेंबरात त्यांचे फार हाल होत.

हे सगळं विरार पूर्वेला, जिथे पाण्याच्या टँकरचा भोंगा वाजला की माणसं जेवत्या ताटावरून उठून पाइप ओढायला धावत, तिथे करायचं होतं. आणि कुणाला बरोबर घेऊन? तर माझ्यासारखीला.

मी तेव्हा चोपन्न वर्षांची पोर होते. पोरच म्हणायची, अक्कल त्याच बेताची होती. नुकतीच नोकरी सोडली होती आणि आता आपण गाणं करायचं असं मी सगळ्या नातेवाइकांना कळवून टाकलं होतं. शाळकरी वयात संगीताच्या चार परीक्षा दिल्या होत्या. त्यांची प्रमाणपत्रं मी बैठकीच्या खोलीत, पाहुण्यांची नजर पहिली जाईल अशा जागी, लग्नातल्या फोटोच्याही वर लावली होती. सोसायटीच्या गणपतीत मी गायला बसले की शेवटच्या रांगेतली माणसं हळूच प्रसादाच्या रांगेत जाऊन उभी राहत. मला वाटे, भक्तिभाव वाढला.

आमच्या इमारतीला जमिनीखाली दोन टाक्या होत्या. पहिली बिल्डरने बांधलेली, ती गळायची. म्हणून मग दुसरी बांधावी लागली आणि पहिली कोरडीच पडून राहिली. पोरंबाळं आत पडू नयेत म्हणून तिच्या लोखंडी झाकणाला कुलूप होतं. एकदा सोसायटीने तिच्यातला गाळ काढायला माणूस लावला. तो आत काम करता करता शीळ घालत होता. मास्तर वरून चालले होते, ते थबकले. त्याला म्हणाले, "बाबा, तू पाच मिनिटं वर ये." तो वर आल्यावर हे गृहस्थ शिडीने खाली उतरले, काटा गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला आणि लांब, सरळ सूर लावून एक ओळ गायले.

चार मजल्यांवरच्या बायका गॅलरीत आल्या. कुणीतरी टाकीत पडलंय आणि कण्हतंय, असंच सगळ्यांना वाटलं. आमचे हे सोसायटीचे सेक्रेटरी. ते हातात कपडे वाळत घालायची दोरी घेऊन धावत खाली गेले आणि तोंडावर पडल्यासारखे झाकणाशी आडवे होऊन ओरडले, "धरा! दोरी धरा!"

आतून उत्तर आलं, "गप्प बसा हो. अजून आवाज फिरतोय."

आणि खरंच फिरत होता. मास्तर ओळ संपवून केव्हाचे गप्प झाले होते, तरी ती ओळ टाकीत भिंतीभिंतींवरून फिरतच होती. ह्यांनी हे मला वर येऊन सांगितलं तेव्हा दोरी अजून हातातच होती. "अगं, तो माणूस वेडा आहे," हे म्हणाले. मग दोरी गुंडाळत, "पण टाकी चांगली आहे."

त्या दिवसापासून मास्तरांनी टाकी धरली. कुणी म्हणालं, एवढा किल्ला आहे वसईला, दगडी चर्चेस उभी आहेत त्यात, तिथे गा की. तर म्हणाले, "छप्पर कुठाय त्यांना? छप्पर नसलं की सूर वर जातो आणि परत येत नाही. कावळ्यांसाठी गायचंय का?" उघड्यावर गाणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं.

माझी परीक्षा त्यांनी आमच्याच घरी घेतली. मी रेशमी साडी नेसून बसले होते, समोर विजेचा तंबोरा लावला होता. विलंबित आलापापासून सुरुवात केली. मास्तर डोळे मिटून बसले. मला वाटलं, रंगलेत. मी आणखी रंगले. शेवटी तानेवरून खाली उतरून समेवर आले, तेव्हा त्यांनी डोळे उघडले, उठून तंबोऱ्याची वायर भिंतीतून काढली आणि म्हणाले, "हे यंत्र श्वास घेत नाही. आता, बाई, तुमचं झालं असेल तर एक 'आ' म्हणा. नुसता. त्यात काही घालू नका."

मी 'आ' म्हटलं.

"घातलंत."

पुन्हा म्हटलं.

"आता शेवटी घातलंत. बाई, तुमचा आवाज सरळ रस्त्याने जातच नाही. वाटेतल्या प्रत्येक दुकानात डोकावतो."

मी लालबुंद. पण जाता जाता दारात ते म्हणाले, "बुधवारी साडेपाचला टाकीपाशी या. पोट रिकामं ठेवा, बांगड्या काढून या. तुम्ही सूर धरायचा."

सूर धरायचा म्हणजे काय, ते बुधवारी कळलं. ह्या जुन्या गाण्यांत खाली एक स्वर अखंड चालू ठेवायचा असतो आणि त्याच्यावर बाकीच्यांनी गायचं. बस. गाणं पाच मिनिटांचं असो की पंधरा, मी एकच स्वर. शब्द नाहीत, चाल नाही, वर जाणं नाही, खाली येणं नाही. चार परीक्षा पास झालेल्या बाईचा त्या माणसाने तंबोरा केला!

पण फुशारकी पाहा माझी. नणंदेला फोन करून मी सांगितलं, "मुख्य स्वर माझ्याकडे आहे." नणंद म्हणाली, "ख्रिस्ती गाणी ना? आता गळ्यात क्रूसही घालणार का?" मी म्हटलं, "कलेला धर्म नसतो." हे वाक्य मी कुठेतरी वाचलं होतं आणि वापरायला मिळत नव्हतं. घरी मी सराव करी. दुपारी दोन ते तीन, एकच 'आ'. पहिल्या आठवड्यात हे दारातून डोकावून म्हणाले, "अगं, कुणी गेलं का?" दुसऱ्या आठवड्यात शेजारच्यांनी प्लंबर बोलावला, नळात हवा अडकलीय म्हणून.

मास्तर सोडून आम्ही टाकीत नऊजण असायचो. मास्तरांच्या गावाकडची चार माणसं, आमच्या इमारतीतल्या तीन बायका, मी, आणि तारा. शिडीने उतरायचं, गोल उभं राहायचं, एक बॅटरीचा दिवा मध्ये. मग दहा मिनिटं काहीही करायचं नाही. "आधी टाकीचं ऐका," मास्तर म्हणायचे. टाकीत ऐकण्यासारखे डास होते. पंखा आणायची सोय नव्हती, कारण पंखा घोंघावतो. खोकला आला तर शिडी चढून वर जाऊन खोकायचं. आमच्या ह्यांनी एकदा वरून डोकं घालून "चहा पाठवू का?" विचारलं, तर मास्तरांनी चार पायऱ्या चढून काटा ह्यांच्या टकलावर आपटला, कानाशी नेला आणि खाली उतरत आम्हाला म्हणाले, "हाच. हाच स्वर घ्या."

आता तारा. तारा जवळच्या चांदीप गावची. घरची शेती, आणि रोज सकाळी पाटीभर भाजी घेऊन आमच्या गेटापाशी बसायची. वालाच्या शेंगा, माठ, मुळा. तिची हाक चौथ्या मजल्यावर अशी यायची की जणू बाई आपल्या स्वयंपाकघरात उभी आहे. मास्तर महिनाभर तिच्याकडून रोज शेंगा घेत होते. एकटा माणूस, एवढ्या शेंगांचं करतो काय, म्हणून तीच काळजीत पडली. शेवटी एक दिवस मास्तरांनी तिला विचारलं, "ताराबाई, तुम्ही गाणं म्हणता का?"

"गानं? गौरीचं म्हनतो की आमी. फेर धरून."

"कसं म्हणता?"

"कसं म्हंजे? एकीनं कडवं सांगायचं न बाकीच्यांनी झेलायचं. पाय हलवत. अजून कसं असतंय?"

मास्तर तिथेच गेटाच्या कट्ट्यावर बसले. आम्हाला नंतर त्यांनी हे तीनतीनदा सांगितलं. नाताळची ही जुनी गाणी मुळात फेर धरून म्हणायची होती. धृपद सगळ्यांचं, कडवं एकट्याचं, मग पुन्हा धृपद, आणि पायांची चाल. पुस्तकांत हे त्यांनी वाचलं होतं. कॅसेटमधल्या मंडळींनी वर्षानुवर्षं डोकं खाजवून शोधून काढलं होतं. आणि ही बाई वालाच्या शेंगा निवडता निवडता म्हणते, अजून कसं असतंय?

तर कडवी ताराला मिळाली. सगळी. लॅटिन शब्द मास्तर आम्हाला देवनागरीत लिहून द्यायचे, ताराला कानात सांगायचे. तिने ते दोनदा ऐकले की झालं. शेवटचं एक लांब गाणं होतं, पाळण्याचं. आई बाळाला निजवतेय, गोठ्यात थंडी आहे, आणि ह्या बाळाचं पुढे काय होणार ते तिला आधीच ठाऊक आहे. मास्तरांनी अर्थ सांगितला तेव्हा तारा एवढंच म्हणाली, "म्हंजे निजवायचं न रडायचं नाही." आणि तसंच गायली. काही न घालता. त्या आवाजाला उतार नव्हता, चढ नव्हता, नुसता दिसत होता, स्वच्छ पाण्यातला तळ दिसतो तसा.

हे आज लिहिते. तेव्हा मी काय म्हणत होते? तेव्हा मी ह्यांना म्हणत होते, "आवाज आहे हो, पण संस्कार नाहीत."

असं वर्ष गेलं. नोव्हेंबरात सोसायटीच्या सभेत ठरलं की पाण्याची टंचाई फार, तेव्हा जुनी टाकी जानेवारीत दुरुस्त करून भरायची. मास्तर सभेला होते. ते एकदम उभे राहिले आणि म्हणाले, "नाताळच्या आधीचा एक रविवार मला द्या. अकरा ते बारा. नंतर तुम्ही तिच्यात पाणी भरा नाहीतर काहीही भरा." मी त्या माणसाला कुणाकडे काही मागताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला म्हणाले, "बाई, एकदा. बरोबर जागेत, बरोबर गायलेलं, चार माणसांनी ऐकलेलं, असं एकदा व्हायला हवं. मी आता सत्त्याहत्तरचा आहे."

श्रोते कुठे बसणार? टाकीच्या तोंडाभोवती, पार्किंगमध्ये. गाणारे खाली, ऐकणारे वर. चाळीस प्लास्टिकच्या खुर्च्या एका भोकाकडे तोंड करून मांडायच्या. मी नणंदेला बोलावून ठेवलं.

आणि मग एके सकाळी भाजी घेताना तारा अगदी सहज बोलून गेली. मी म्हटलं होतं, "काय गं, मास्तरांनी मला सूरच का दिला असेल?" माझी अपेक्षा अशी की ती म्हणेल, तुमच्याशिवाय कोणाला जमणार.

ती मुळ्याची जुडी झटकत म्हणाली, "बाय, तुमच्याकडं टाकीची किल्ली हाय ना. सेक्रेटरीची बायको तुमी. मास्तर बोलले, यांना घ्यायलाच पायजे, पन काय देनार? मंग एक सूर देऊ." आणि माझं तोंड पाहून घाईघाईने, "पन आता तुमी चांगला धरता हां. मास्तर पन बोलतात."

'पण' नंतरचं मला ऐकूच आलं नाही. मी घरी आले, किल्ली खिळ्यावरून काढली, तांदळाच्या डब्यात तळाशी घातली आणि संध्याकाळी मास्तरांना निरोप पाठवला की किल्ली सापडत नाही.

ते वर आले. पहिल्यांदाच संध्याकाळी, आणि त्या परीक्षेनंतर पहिल्यांदाच आत येऊन खुर्चीवर बसले.

"सापडत नाही म्हणजे?"

"म्हणजे पाळण्याच्या गाण्याची कडवी मी गाणार असेन तर सापडेल."

असं बोलले मी! चोपन्नची जाऊन पंचावन्नची झाले होते आणि रुसलेल्या पाचवीतल्या मुलीसारखी पदर पिळत उभी होते. हे आतून मला खुणा करत होते, गप्प बस, गप्प बस. मास्तरांनी सरळ हिशेबाला हात घातला.

"किती कडवी हवीत?"

"सगळी."

त्यांनी गुडघ्यावर काटा आपटला, कानाशी धरला, तो पुरता विझेपर्यंत ऐकला. मग उठले. "ठीक. कडवी तुमची. सूर ताराबाई धरतील." दारात थांबून म्हणाले, "बाई, त्यात काही घालू नका. एवढं मागतो."

ताराला मी सांगितलं तेव्हा वाटलं होतं, चिडेल, भांडेल. ती म्हणाली, "गा की. मला काय, उभंच राहायचंय."

तो रविवार. डिसेंबरातलं कोवळं ऊन, पार्किंगमधल्या स्कूटरी हलवून मांडलेल्या खुर्च्या. मास्तरांच्या गावचे लोक कोट घालून आलेले, चांदीपहून ताराची माणसं टेम्पोतून आलेली, आमच्या इमारतीतले झाडून सगळे, आणि पुढच्या रांगेत नणंद, पर्स मांडीवर. कुणीही गाणाऱ्यांना पाहू शकत नव्हतं. जमिनीतल्या चौकोनी भोकाकडे सगळे मान पुढे काढून बसले होते. मी रेशमी साडी नेसून शिडी उतरले. उतरता उतरता वर पाहून नणंदेला हात केला.

पहिली तीन गाणी जशी व्हायला हवी तशी झाली. धृपद सगळ्यांचं उठायचं, फेराची पावलं सिमेंटवर पडायची, आणि आवाज भिंतींवरून चढत त्या भोकातून वर जायचा. वर चिडीचूप. मास्तरांचा चेहरा मी बॅटरीच्या उजेडात पाहिला. पाहायला नको होता.

मग पाळण्याचं गाणं. ताराने सूर धरला. पहिलं कडवं मी सरळ गायले. अगदी सरळ. दुसऱ्याच्या शेवटी मात्र मला नणंद आठवली. प्रमाणपत्रं आठवली. आणि मी एक मुरकी घेतली. एवढीशी.

मास्तर 'काही घालू नका' का म्हणत, ते वर्षभर टाकीत उभी राहून मला कळलं नव्हतं, कारण मी एकच स्वर गात होते. आता कळलं. सरळ स्वर टाकीत फिरून परत येतो तेव्हा पुढच्याला टेकतो, दोन्ही मिळून काहीतरी तिसरंच होतं. मुरकी परत येते ती मोडून येते. माझी ती मुरकी एका भिंतीवरून आली, दुसरीवरून आली, पुढच्या ओळीत घुसली. जिन्यावरून स्टीलचे डबे गडगडत यावेत तसं झालं. धृपदवाल्यांना कुठे उचलायचं ते कळेना. पावलं चुकली. एक बाई माझ्यावर आपटल्या.

फक्त तारा हलली नाही. तिने सूर सोडला नाही. माझ्याकडे तिने डोळे मोठे करून पाहिलं आणि मान खाली घालून किंचित हलवली. तिचं म्हणणं मला स्वच्छ कळलं. तुम्ही सूर घ्या, मी कडवं घेते. तिला सूर सोडता येत नव्हता. तो कुणीतरी धरल्याशिवाय ती सोडती तर उरलेलं गाणंही बसलं असतं. एका श्वासाचं काम होतं. मला तो स्वर झोपेतही सापडला असता.

मी घेतला नाही. वर नणंद बसली होती. मी उरलेली तिन्ही कडवी रेटून गायले, आणखी मुरक्या घालून, कारण आधीची मुद्दामच घेतली होती असं वाटायला हवं.

वर टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. नणंदेने भोकातून ओरडून सांगितलं, "वहिनी, कमाल!" मास्तर टाळ्यांना पत्र्यावरच्या गारा म्हणत. ते त्या गारांत शिडी चढून वर गेले. मी मागून विचारलं, "कसं झालं?"

न वळता म्हणाले, "टाकी चांगली होती."

जानेवारीत टाकीत पाणी भरलं. आणि सकाळी पावणेसातची बेल बंद झाली. पहिल्या आठवड्यात मला बरं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात मी सहा चाळीसला उठून दारामागे उभी राहू लागले. दूधवाल्याने विचारलं, "आता घसरत नाही का ताई?" मास्तर जिन्यात भेटले तर 'नमस्कार' म्हणायचे. नमस्कार! ज्या माणसाने मला वर्षभर साधं 'येतो' म्हटलं नाही, तो आता हात जोडून बाजूला होत होता. एवढा राग मला त्यांचा कधीच आला नव्हता.

एप्रिलात तारा म्हणाली, "फुलपाड्यात हाय आता. नवी बिल्डिंग होतेय, टाकी बांधून झाली, पानी सोडलं नाय अजून." तेव्हा विरारात इतक्या इमारती उठत होत्या की मास्तरांना टाक्यांना तोटा नव्हता. पाणी यायच्या आधी आत शिरायचं, पाणी आलं की पुढची टाकी. "या की बाय," ती म्हणाली. "सूर धरायला कोन नाय. मास्तर सोता धरतात न दम लागतो त्यांना."

मी म्हटलं, "मला बोलावलेलं नाही."

"मी बोलावते ना."

गेले. सिमेंटच्या गोण्यांमधून, विटांवरून. टाकीच्या तोंडाशी पोहोचले तेव्हा आत पाळण्याचंच गाणं चाललं होतं. कडवं ताराचं. खाली मास्तरांचा सूर, कोरडा, दर तिसऱ्या ओळीला तुटणारा. तुटला की तारा कडवं सोडून थांबायची, ते खोकायचे, पुन्हा पहिल्यापासून. वर जाऊन खोकायचा नियम त्यांनी स्वतःपुरता बहुधा रद्द केला होता. तिसऱ्यांदा सूर तुटला तेव्हा मी तिथेच, भोकाशी उकिडवी बसून, 'आ' लावला. काही न घालता.

तारा थांबली नाही. कडवं पुरं झालं, धृपद झालं, पुढची चारही कडवी झाली. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या. शेवटचा आवाज फिरून फिरून निवला. मग आतून मास्तर म्हणाले, "बाई, वरून काय गाता? उघड्यावर आहात तुम्ही. खाली या."

मी उतरले. फेरात दोघी बाजूला सरकल्या, मी मध्ये उभी राहिले. ते माझ्याकडे बघेनात, म्हणून मीच म्हटलं, "मास्तर, त्या दिवशी मी..."

"श्वास उशिरा घेतलात," ते म्हणाले. "पहिल्यापासून."

आपल्याला माफ केलंय की आता पुन्हा गायचंय, हे त्या माणसाच्या बोलण्यावरून कधीच कळत नसे. मी धीर करून पुढे एकदा विचारलंही, "मास्तर, कधीतरी एखादं कडवं मला?" तर म्हणाले, "आधी सूर पाच वर्षं धरा. मग बघू."

मी अकरा वर्षं धरला. सहा टाक्या झाल्या. मास्तरांनी बघितलं नाही.

गेले तेव्हा अठ्ठ्याऐंशीचे होते. वसईकडे, त्यांच्या गावी, मातीला आम्ही सगळे गेलो. कबरस्तान उघडं, वर नारळ, कावळे. त्यांना मुळीच आवडलं नसतं. फादर म्हणाले, त्यांची माणसं काही गाणार आहेत का? आम्ही गोल उभे राहिलो. तारा माझ्याजवळ आली. आता तिचेही केस पांढरे झाले होते. माझ्या हातावर हात ठेवून हळूच म्हणाली, "बाय, आज कडवं तुमी सांगा. ते गेले. आता कोन बोलनार हाय?"

अकरा वर्षं मी ह्याचीच वाट पाहत होते. मी पदर सारखा केला. घसा साफ केला. पाळण्याच्या गाण्याची सगळी कडवी मला शब्द न् शब्द पाठ होती. तोंड उघडलं, आणि खाली काहीच नव्हतं. सगळे कडव्याची वाट बघत माझ्याकडे पाहत होते, आणि सूर धरायला कुणी नव्हतं.

मी सूर धरला. ताराने कडवं उचललं.

मेल्यावरसुद्धा त्या माणसाने मला कडवं गाऊ दिलं नाही.